पहिलाच व्हॉल्व्ह ॲम्प, तोही बाससाठी? आधी लोखंडाचं (ट्रान्सफॉर्मरचं) बघ

तू विचारलंस की जुन्या फेंडर बासमन ॲम्पचं सर्किट उतरवलं आणि सगळे कपलिंग कंडेन्सर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारे) मोठे टाकले की बास गिटारचा ॲम्प होईल का, आणि व्हॉल्व्ह (त्या काचेच्या नळ्या) रशियन घेऊ की चायनीज. व्हॉल्व्हचं नंतर बघू. मीही हेच डोक्यात घेऊन सुरू केलं होतं आणि पैसे भलत्याच जागी घातले, म्हणून जरा लांबण लावतो.

बासमन या नावावर जाऊ नको. फेंडरने प्रिसिजन बास 1951 ला काढला आणि त्याच्यासाठी 1952 ला बासमन, हे खरं. पण उचलला तो गिटारवाल्यांनी, मार्शलचा पहिला ॲम्प पण ह्याच सर्किटवरून निघाला. त्यामुळे आज बासमन म्हणून जी किटं मिळतात त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) बहुतेक वेळा गिटार डोळ्यासमोर ठेवून गुंडाळलेला असतो, आणि सगळी मेख तिथेच आहे.

गिटारची जाडी तार 82 हर्ट्झ, बासची 41. कोअरमधला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातला, फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी असा चालतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स दुप्पट, आणि कोअर सॅच्युरेट, त्यात आणखी फ्लक्स मावत नाही. तसं होऊ द्यायचं नसेल तर व्होल्टेज निम्मं करावं लागतं आणि व्होल्टेज निम्मं म्हणजे पॉवर पाव. जो ट्रान्सफॉर्मर 82 ला 40 वॉट जेमतेम देतो तो 41 ला 10 वॉटवरच हात टेकतो.

माझं हेच झालं. नाशिकला पंचवटीत मित्राच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस असायची, वरच्या तारा मस्त, खालची ई जोरात मारली की फर्रर्र, स्पीकर फाटल्यासारखा. मी आधी स्पीकर बदलला, मग व्हॉल्व्हचे दोन सेट बदलले, बायस (व्हॉल्व्हचा स्थिर करंट) दहा वेळा लावला, काही फरक नाही. शेवटी अंबडला एक वाइंडिंगवाले काका आहेत, कंट्रोल पॅनलचे ट्रान्सफॉर्मर करतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी ऑडिओ वगैरे काही केलेलं नाही, पण ट्रान्सफॉर्मर नुसता हातात तोलला आणि म्हणाले, "अरे, एवढ्याशा वजनात कसं व्हायचं?" झालं, निदान तिथेच लागलं.

आपल्याकडे अंबड-सातपूरला हे काम करणारे आहेत, फायदा घे, पण त्यांना त्यांच्या भाषेत सांग. 5 किलोओहम प्लेट टू प्लेट (दोन व्हॉल्व्हच्या प्लेटांमधला लोड) म्हटलंस तर ते तोंडाकडे बघतील. हिशोब असा: दोन 6एल6जीसी पॉवर व्हॉल्व्ह पुश-पुल (आळीपाळीने काम करणारे), 50 वॉट, 5के (किलोओहम) प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या ह्या प्रायमरीवर 500 व्होल्ट. ते 40 हर्ट्झला पाहिजेत, म्हणजे 50 हर्ट्झच्या भाषेत 625. 5के ते 8 ओहमचा स्पीकर म्हणजे वेढ्यांचा रेशो 25:1. तेव्हा सांगायचं की 50 हर्ट्झला 625 व्होल्ट इन, मधोमध सेंटर टॅप, 25 व्होल्ट आउट, सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरच्या खास पोलादाचं) स्टॅम्पिंग, फ्लक्स कमी ठेवा. आणि वाइंडिंग सलग नको, प्रायमरी-सेकंडरीचे थर आलटून पालटून घ्यायला लाव, नाहीतर वरचा आवाज मरतो. ह्या थरांसाठी काका कुरकुर करतील, दुप्पट वेळ जातो, चहा पाजून बसून राहा. माझा जुना किलोभराचा होता, नवा तीनच्या जवळ गेला.

कंडेन्सरचं म्हणशील तर सगळे मोठे करू नकोच. 0.022 मायक्रोफॅरड आणि पुढे 220के चा रेझिस्टर म्हणजे खालचा कट 33 हर्ट्झला, चार तारांच्या बासला पुरतं. 0.1 टाकलास तर ऐकूही न येणारा कचरा आत शिरतो आणि तोच ट्रान्सफॉर्मरला बसतो. बदलायचा तो कॅथोडचा बायपास (व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा कंडेन्सर), सर्किटमध्ये कुठे 0.68 मायक्रोफॅरड दिसला (मार्शलच्या नकलांत असतो) तर 22 किंवा 25 टाक.

पॉवर ट्रान्सफॉर्मर (मेन्सवरचा) बाहेरच्या किटचा घेऊ नको, 120 व्होल्ट 60 हर्ट्झचा आपल्या 50 हर्ट्झवर तापतो. तोही इथेच करून घे. 6.3 व्होल्टच्या फिलामेंटला दोन 6एल6 चे 1.8 अँपिअर आणि तीन ईसीसी83 चे (छोटे प्रीॲम्प व्हॉल्व्ह) 0.9, झाले 2.7, तू 5 अँपिअरचं वाइंडिंग घे, उद्या ईएल34 (दुसरे पॉवर व्हॉल्व्ह) लावावेसे वाटले तरी पुरेल (तेव्हा पिन 1 आणि 8 जोडायचं विसरू नको). मंडपवाल्यांकडे व्हॉल्व्हचे जुने पीए ॲम्प धूळ खात पडलेले असतात, त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर भोंग्यापुरता, बासला बेकार, पण चोक (फिल्टरची कॉइल) आणि सॉकेट कामाला येतात. बाकी सुटे पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोड, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादर, तिथून ग्रँट रोड.

आता हे नीट वाच. आत 450 व्होल्ट डीसी आहे आणि प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेलेच असतात. फिल्टर कंडेन्सरवर 220के 3 वॉटचा ब्लीडर (त्याला रिकामा करणारा रेझिस्टर) पहिल्या दिवसापासून लाव, 100 मायक्रोफॅरड असेल तर दोन मिनिटं थांब, तरीही मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब, तो भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद कर. घरात कोणी नसताना तर हे काम करूच नको. आणि स्पीकर न जोडता वाजवायचा नाही, ट्रान्झिस्टरवाल्यांना ही सवय नसते, एवढं करून घेतलेला ट्रान्सफॉर्मर त्यातच जळतो.

व्हॉल्व्ह कुठलेही मॅच्ड पेअर (सारखा करंट घेणारी जोडी) घे, खरंच. बायस मोजायला प्रत्येकाच्या कॅथोडला 1 ओहमचा रेझिस्टर टाक म्हणजे मिलिव्होल्ट तेवढेच मिलिअँपिअर, 450 व्होल्टला 40 मिलिअँपिअरच्या आसपास ठेव.

आणि 50 वॉटमध्ये ढोलताशा पथकाशी टक्कर घेशील असं समजू नको. ड्रमर हात आवरून वाजवणारा असेल तर बँडमध्ये ऐकू येईल, तेही डब्बा (स्पीकरची पेटी) चांगला असेल तर. 91 डीबीच्या ऐवजी 97 डीबीचा (तेवढ्याच पॉवरला जास्त जोरात वाजणारा) स्पीकर घेतलास तर चौपट पॉवरचं काम होतं, गिटारचा स्पीकर मात्र नको, त्याचा कोन तेवढा हलत नाही. ॲम्पेग कंपनीने 1969 ला बाससाठी 300 वॉट काढले ते उगाच नाही.

एक राहिलं. ट्रान्सफॉर्मर हातात येईपर्यंत चॅसीचा पत्रा कापू नको. मी आधी कापला होता, नवा आत मावला नाही, अजून बाहेर पट्टी मारून बसवलेला आहे.