‘हॉट रॉड’ तो की ती?

एका वाचकांनी विचारलं आहे : जुन्या अमेरिकन गाड्यांवरच्या एका अनुवादित लेखात ‘सानुकूलित तप्त दांडे’ असे शब्द आले. हा काय प्रकार, आणि ‘हॉट रॉड’ला बरा मराठी शब्द कोणता?

‘तप्त दांडा’ वाचून मला बादलीत सोडायचा, पाणी तापवायचा रॉड आठवला. मराठी घरातला खरा हॉट रॉड तोच! लेखातला मात्र गाडीचा प्रकार आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात मुरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत, तळ फरशीसारखा सपाट. १९३०च्या दशकात तिथं तरुण पोरं फोर्डच्या जुन्या, स्वस्तात मिळालेल्या मॉडेल टी आणि मॉडेल ए पळवायची. मडगार्ड काढ, बंपर काढ, पुढची काच काढ, वजन उतरव. आणि इंजिनातून निघेल तेवढी ताकद काढ. अशा गाड्यांनाच पुढे ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. १९३२ साली फोर्डनं स्वस्त गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन दिलं आणि पुढे त्या मॉडेलवर या लोकांच्या उड्या पडल्या. त्याचं लाडकं नाव ‘ड्यूस’, म्हणजे पत्त्यांतली दुर्री. बत्तीसमधल्या दोनावरून पडलेलं. दांड्यापायी जीव टाकणाऱ्या अनुवादकानं ही दुर्री उचलायला हवी होती.

‘रॉड’ची व्युत्पत्ती दोन तऱ्हांनी सांगतात. एक, रोडस्टर या उघड्या दोन आसनी गाडीचं ते तोडलेलं रूप. दुसरी, इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडसारख्या भागावरून. माझा कल पहिलीकडे, कारण त्या तळ्यांवर धावणाऱ्या गाड्या बहुतेक रोडस्टरच. पण दुसरी मानली तरी सगळ्या गाडीला दांडा म्हणायची सोय होत नाही.

‘हॉट’ तर मराठीत उलटंच पडतं. आपल्याकडे घाटात गाडी तापली की ती बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि निवेपर्यंत वाट बघायची. अमेरिकन बोलीत हॉट म्हणजे जोरकस, सुसाट (आणि चोरीचा मालही हॉटच). त्या अर्थाच्या जवळ आपलं ‘तिखट’ जातं. पण ‘तिखट गाडी’ म्हटलं तर लोक मिसळीची गाडी शोधतील. १९६८पासून मिळणाऱ्या ‘हॉट व्हील्स’ना कुठल्याही पोरानं ‘तापलेली चाकं’ म्हटलेलं नाही. मोटारीच्या बाबतीत आपण शब्द जसाच्या तसा घेतो. वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव ‘स्टेपनी’ होऊन आपल्या डिकीत बसलंच आहे की. तेव्हा ‘हॉट रॉड’ राहू द्या.

‘सानुकूलित’ मात्र काढाच. तो संगणकाच्या सेटिंगमधला शब्द. नुसतं ‘कस्टम’ लिहिलं तर विमानतळावरचे कस्टमवाले उभे राहतात. ‘हौसेनं घडवून घेतलेली’ म्हणा. शिवाय अमेरिकेत हॉट रॉड आणि कस्टम हे दोन वेगळे नाद. पहिल्यात जीव वेगात, दुसऱ्यात रूपात. लॉस एंजेलिसच्या बॅरिस बंधूंचं नाव दुसऱ्या नादातलं : १९४९ची मर्क्युरी गाडी घ्यायची, छपराचे खांब कापून आखूड करायचे आणि छप्पर खाली आणायचं. इंग्रजीत ते ‘चॉप’. आपण बसकं नाक म्हणतो तसं ‘बसकं छप्पर’ म्हटलं की चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं.

आता लिंग. रॉड पुल्लिंगी, पण गाडी मनात असल्यामुळे ‘ती हॉट रॉड’. जीप, बस, मर्सिडीज यांच्यासारखी. ‘तो’ म्हटलंत की पुन्हा बादलीत पडलात. अनेकवचन अवघड आहे. ‘हॉट रॉडी’ कानाला बोचतं, ‘हॉट रॉड्स’ इंग्रजी राहतं. मी ‘हॉट रॉड गाड्या’ लिहितो.

म्हणून त्या अनुवादातले ‘अभिजात अमेरिकी मोटारींपासून प्रेरित सानुकूलित तप्त दांडे’ माझ्या हातून असे उतरतील : ‘जुन्या नामी अमेरिकन गाड्यांच्या धर्तीवर हौसेनं घडवून घेतलेल्या हॉट रॉड गाड्या.’