गणपतराव देशमुख सांगोल्यातून सलग 11 वेळा आमदार होते का?

11 वेळा हे बरोबर, सलग मात्र नाही. मजकूर फॉरवर्ड करताना नेमकी इथेच गल्लत होते. 1962, 1967, मग 1974ची पोटनिवडणूक, पुढे 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. मोजून बघा. 1972 आणि 1995 मध्ये ते पडले. 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून, तेही अवघ्या 192 मतांनी. पोटनिवडणूक सुटली की आकडा 10 वर येतो.

मतदारसंघ एकच आणि पक्षही एकच, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. माझ्या मते खरं नवल हे आहे. मंत्रिपद दोनदाच मिळालं, 1978 आणि 1999 च्या सरकारांत. 2019 ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत 768 मतांनी हरले, समोर पुन्हा शहाजीबापूच.