मेंदूला करंट दिल्याने ‘मी आजारी आहे’ हे पटतं का?

तुम्ही विचारलंय की भावाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे, पण तो औषधच घेत नाही, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो. मेंदूला करंट देऊन हे बदलेल का?

थोडंफार, आणि तेही अजून प्रयोगाच्या पातळीवर. आधी एक समजून घ्या, हा हट्ट नव्हे. आजाराची जाणीवच नसणं, याला बाबिन्स्की या मेंदूतज्ज्ञाने 1914 मध्ये अर्धांगाच्या रुग्णांवरून ‘अ‍ॅनोसॉग्नोसिया’ नाव दिलं. करंट देण्याच्या या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात; त्यात डोक्यावर दोन ओले स्पंज बांधून साधारण 2 मिलिअँपिअर करंट 20 मिनिटं देतात. मुंग्या येतात, बस. भूल देऊन करतात तो शॉक वेगळा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत, नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांच्या छोट्या गटात यानंतर आजाराची जाणीव सुधारलेली दिसली. पण औषधं चालूच होती, हे विसरू नका.

आमच्या इंदूरच्या घरी मामेभाऊ पोह्यांवरच्या शेवेत गोळी शोधायचा, सापडली की ताटली सरकवायचा. लपवून देणं आमचीच चूक होती. आई वाद सोडून ‘झोप लागत नाही ना रे?’ एवढंच विचारायला लागली, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे आला. तुम्हीही झोपेपासून सुरुवात करा. करंटचं डॉक्टरांना नंतर विचारा. आणि ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रं अजिबात नकोत.