लसीला "नाही" म्हणणाऱ्यांची आधी यादी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2021 मध्ये कोरोना लसीकरणाची गाडी आली की गावातली बरीच माणसं शेतात निघून जायची. आता तुम्ही सरपंच आहात, तर पुन्हा अशी साथ आल्यास जनजागृती कशी करावी?

जनजागृती जरा बाजूला ठेवा. फलक, रिक्षावरचा भोंगा, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ हे सगळं तेव्हाही झालं होतं. लस आली आहे हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण प्रत्येकाच्या "नाही"मागचं कारण वेगळं होतं आणि त्यावरचा उपायही वेगळा. म्हणून पहिलं काम घरटी यादीचं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून दारोदार जायचं आणि "लस घेणार का?" असं विचारायचंच नाही. त्यावर "हो हो, येतो की" म्हणून लोक वाटेला लावतात. "लसीबद्दल काय ऐकलंत?" एवढंच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. यादी झाली की दिसेल, ठाम विरोधक मोजके असतात. बाकीचे रोजंदारी बुडण्यात, तापाच्या धास्तीत किंवा मोबाईलच्या भानगडीत अडकलेले असतात.

मोबाईलचंच बघा. कोविशिल्ड या कोरोना लसीच्या दोन डोसांतलं अंतर मे 2021 मध्ये 12 ते 16 आठवडे झालं. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिला डोस घेतलेल्या ऊसतोड मजुराचा दुसरा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऐन गळीत हंगामात. तेव्हा तो कारखान्याच्या फडावर. नोंदणी मुकादमाच्या किंवा शेजाऱ्याच्या नंबरवर, कारण घरातल्या एका नंबरवर चारच नावं बसायची (जानेवारी 2022 मध्ये सहा झाली). ओटीपी कुणाच्या तरी भलत्याच खिशात. अशा माणसाला "उदासीन" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. यादीत स्थलांतराचा महिना आणि परतीचा महिना असे दोन रकाने ठेवा आणि जाण्याआधी प्रत्येकाच्या हातात डोसची तारीख लिहिलेला कागद द्या.

दुसरी अडचण कुपीची. कोविशिल्डच्या एका कुपीत 10 डोस, प्रत्येकी अर्धा मिली. उघडल्यावर 4 तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. वाया जाण्याचा हिशेब वरून विचारला जातो, म्हणून तीन माणसांसाठी सिस्टर कुपी फोडायला कचरतात. सकाळी आलेली तीन माणसं दीड तास बसतात, घरी जातात आणि गावभर होतं, "आम्हाला परत पाठवलं." तेव्हा आदल्या संध्याकाळी बारा नावं पक्की करा. वेळ सकाळी 7 ते 10 किंवा संध्याकाळी 5 नंतरची मागून घ्या. सकाळी 11 चं शिबिर हे रोजंदारीवाल्यांसाठी नसतंच.

ताप येतो, हे आधीच सांगा. "काही होत नाही हो" या वाक्याने जेवढं नुकसान केलं तेवढं अफवांनीही केलं नसेल. दंड दुखतो, अंग मोडून येतं, एक-दोन दिवस ताप राहू शकतो. कोविशिल्डच्या पहिल्या डोसनंतर त्रास जास्त व्हायचा आणि दुसऱ्यानंतर सहसा कमी. पण हे न सांगितल्यामुळे पहिल्या तापाला घाबरलेले दुसऱ्याला आलेच नाहीत. टोचल्यावर अर्धा तास बसवा, पॅरासिटामॉलच्या गोळ्या सोबत द्या आणि तिसऱ्या दिवशी फोन करा. ताप तीन दिवसांपुढे गेला, किंवा पुढच्या तीन-चार आठवड्यांत दम लागला, पाय सुजला, डोकं किंवा पोट असह्य दुखलं, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात. आणि तापाने काम बुडतं, म्हणून सुगी किंवा लावणीच्या आठवड्यात शिबिर नको.

आता खरा अवघड भाग. लसीनंतर कुणीतरी दगावणार. दोन हजार वस्तीच्या गावात साठीपुढचे दोनशे धरा. या वयात साथ नसतानाही वर्षाला शंभरात चारेक जण जातात, म्हणजे तीन महिन्यांत दोन. सगळ्या ज्येष्ठांना एकाच आठवड्यात टोचलंत तर ते दोन मृत्यू "लसीनंतरचे" ठरणार. हा हिशेब शिबिराआधी सांगितला तर लोक ऐकतात, नंतर सांगितला तर ती सारवासारव वाटते. आणि मृत्यू झालाच तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी घरी जायला हवं आणि नोंद करून चौकशीही व्हायला हवी, कारण क्वचित लसीचा संबंध असूही शकतो.

अफवा भोंग्यावरून खोडू नका, ज्याने ऐकली नव्हती तोही ऐकतो. जून 2021 मध्ये नाशिकमधून "लस घेतल्यावर अंग चुंबक झालं" असा प्रकार गाजला. घामट, तेलकट अंगाला चमचे-नाणी तशीही चिकटतात, टाल्कम पावडर लावली की पडतात. हे दोन मिनिटांत ओसरीवर दाखवता येतं.

वंध्यत्वाची भीती मात्र तशी उडवून लावू नका. आणीबाणीतली नसबंदी घराघरांत लक्षात आहे. शिवाय सुरुवातीला गरोदर बायकांना लस नाही असं सरकारनेच सांगितलं होतं, परवानगी जुलै 2021 मध्ये आली. लोकांनी त्या "नाही"चा सरळ अर्थ लावला: गर्भाला धोका आहे. पुरेशी माहिती हाती नव्हती म्हणून थांबवलं होतं, हे कुणी सांगितलंच नाही. इथे पुढाऱ्याचं भाषण कुचकामी. आशाताई, सुईण, पाड्यावर भगत, आणि तेही पावरी, कोरकू, वारली अशा त्यांच्या बोलीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावर शुद्ध मराठीतलं पत्रक वाटण्यात अर्थ नाही.

रेशन अडवण्याचा मोह होईल. नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला होता. अशाने रांगा वाढतात, पण न टोचता प्रमाणपत्र मिळवण्याच्या वाटाही शोधल्या जातात. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. सक्तीची आठवण किती टिकते ते पाहायचं तर 1897 च्या पुण्यातल्या प्लेगच्या घरझडत्या वाचा.

सध्या हातात साथ नाही, तेवढ्यात यादीचा नमुना तयार करून मासिक सभेत ठेवा. बोलीभाषा, स्थलांतराचे महिने आणि स्वतःचा फोन आहे की नाही, हे रकाने आत्ताही भरता येतील, आणि बालकांच्या नियमित लसीकरणालाही तेच लागतात.