टेपवरचं '7 मिल' म्हणजे 7 मिलिमीटर का? वायरच्या जोडावर किती थर द्यायचे?

नाही, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 25.4 मायक्रॉन, म्हणून 7 मिलचा टेप जेमतेम 0.18 मिमी जाड असतो. थरांचा हिशोब वायरच्या मूळ आवरणावरून करा: जोडावरचा टेप निदान तेवढा जाड व्हायला हवा. घरातल्या 1.5 चौरस मिमी वायरचं पीव्हीसी आवरण साधारण 0.7 मिमी असतं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गेलात, तर एका फेरीतच (म्हणजे जोडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) सगळीकडे दुहेरी थर बसतो. म्हणजे 7 मिलच्या दोन फेऱ्यांत, चार थरांचे, सुमारे 0.71 मिमी झाले. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणारा टेप मात्र 125 मायक्रॉनचा (0.125 मिमी) असतो, त्याच्या तीन फेऱ्या लागतात. (दोन वेढे मारून 'झालं' म्हणणारे बरेच असतात, त्यांचं ऐकू नका.)

फक्त एक: हे गणित न ताणलेल्या टेपचं आहे. ताणून गुंडाळला की तो पातळ होतो, म्हणून एखादी फेरी जास्तच द्या. आणि शेवटचा वेढा अजिबात न ताणता, नाहीतर टोक काही दिवसांत सुटतं.