लॉट परत आल्यावर

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या सहीने गेलेला मालाचा लॉट परत आला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून प्रत्येक माप तीन-तीनदा तपासतो, काम साचतं, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात कालवतं. सोबतचा एक जण असंच ऐकून घेतो आणि तासाभरात कामाला लागतो. त्यासाठी तसा स्वभावच असावा लागतो का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : स्वभावाचा वाटा असतोच, पण तुमचा सहकारी जे करतो त्यातलं बरंचसं शिकता येतं. मानसशास्त्रज्ञ सुझान कोबासा यांनी १९७९ मध्ये, खूप ताण असूनही फारसे आजारी न पडणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या : कामात मनापासून गुंतणं, आपल्या हातात काहीतरी आहे हा विश्वास आणि बदल आला की त्यातून शिकायची तयारी. तुमची मधली गोष्ट ढिली झाली आहे.

ती परत आणायला त्या लॉटबद्दल तीन ओळी लिहा : काय चुकलं, कुठे सुटलं, आता काय बदललं. ‘मी निष्काळजी आहे’ असं लिहू नका, त्यावर काहीच करता येत नाही. ‘ऑफसेट (मशिनच्या हत्याराची मापातली दुरुस्ती) बदलल्यानंतरचा पहिला नग मोजला नव्हता’ असं लिहिलंत, तर उपाय तिथेच दिसतो.

तीनदा तपासण्याची सवय मात्र आधी सोडवायला हवी. वारंवार तपासल्याने खात्री वाढत नाही. सगळ्या वेळच्या आठवणी एकमेकींत मिसळतात आणि ‘खरंच पाहिलं होतं ना?’ ही शंका बळावते. म्हणून कुठे थांबायचं ते मोजण्याआधीच ठरवा. समजा माप २५ मिमी आणि टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, ±०.०५ आहे. ०.०१ लीस्ट काउंटच्या (म्हणजे ०.०१ मिमीपर्यंत मोजणाऱ्या) मायक्रोमीटरने एकदा मोजा, आकडा आणि वेळ लगेच शीटवर लिहा. २४.९७ ते २५.०३, म्हणजे मर्यादेच्या थोडं आतच, आलं, की पुढचा नग. त्याबाहेर गेलं, तर नग आणि मायक्रोमीटरची तोंडं पुसून दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत ०.०१ पेक्षा जास्त फरक पडला, तर मायक्रोमीटरचं शून्य बघा, कारण तिथे शंका घ्यायची ती उपकरणावर. सुरुवातीचे काही दिवस हात शिवशिवेल. तेव्हा ‘आजच्या दिवस आणखी एकदा बघू’ म्हटलंत, की सवय पुन्हा मूळ धरते.

साहेबांकडे पाच मिनिटं मागा, शिफ्टच्या घाईत नको. त्या तीन ओळींचा कागद दाखवा आणि सांगा : ‘सर, चूक जरूर दाखवा, पण केबिनमध्ये बोलावून सांगितलंत तर मला कारणही नीट सांगता येईल.’ निमूट सोसणाऱ्याला आपल्याकडे कणखर म्हणतात, आम्हाला ते अजिबात पटत नाही. वेळेवर तोंड उघडणं आणि मदत मागणं हेही कणखरपणाचेच गुण आहेत. शिवाय दोघांचं काम एकाच्या गळ्यात असेल, तर तो दोष मनोबलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची (कामाने पार थकून जाण्याची) व्याख्या करताना तो कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येतो असंच म्हटलं आहे. तेव्हा एका शिफ्टला किती नग तपासायचे असतात, तो आकडाही त्याच कागदावर असू द्या.

पोटात कालवणं दोन महिने चाललं आहे, म्हणून आणखी वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रविवारी संध्याकाळीसुद्धा.