ताट वेगळं, सुई एकच

"मॅडम, सासूबाईंचं ताट-वाटी वेगळं केलंय. पण आमची छोटी त्यांच्या कुशीत झोपते, तिचं काय करू?"

लालबागच्या चाळीत राहणारी ती सून सल्ल्यासाठी माझ्याकडे एकटीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आधी नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या आणि रिपोर्टात हिपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा विषाणू) पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी पुढची तपासणी करायला सांगितलं, पण घरानं ऐकला एकच शब्द: कावीळ. मग हळद बंद, तेल बंद, उसाचा रस सुरू. शेजारच्या काकू तर काविळीची माळ घालणाऱ्याचा पत्ताही देऊन गेल्या.

गोंधळ होतो तो इथेच. दूषित पाण्यातून, अन्नातून येणारी कावीळ 'ए' आणि 'ई' विषाणूंची. 'सी' पसरतो रक्तातून. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं किंवा आजीनं हातानं वरणभात भरवल्यानं तो होत नाही. छोटीला खुशाल कुशीत झोपू द्या, म्हटलं. तिला पटलं असं काही दिसलं नाही. म्हणून पुढच्या वेळी सगळ्यांनाच बोलावलं.

आई, म्हणजे त्या सासूबाई, खुर्ची भिंतीला सरकवून बसल्या. पाण्याचा पेला पुढे केला तर हात लावेनात. घरी आपलं ताट त्या स्वतःच मोरीत शेवटी घासत होत्या. ते ताट त्यांच्या लग्नातलं, रुखवतातलं, वर नाव घातलेलं. वेगळं ओळखू यावं म्हणून नेमकं तेच काढलं होतं.

अशा घरांना मी एक प्रश्न हमखास विचारते: तुमच्या घरात रक्त कुठे कुठे निघतं? दाढीचं ब्लेड, नेलकटर, हिरड्यांतून रक्त येत असेल तर टूथब्रश, अशी उत्तरं येतात. या वस्तू ज्याच्या त्याच्याच हव्यात. इथे मात्र आजोबा हळूच म्हणाले, "साखर तपासतो आम्ही दोघं. बोटाला टोचायचं पेन एकच. सुई बोथट होईपर्यंत वापरतो, उगाच कशाला फेकायची?"

सुनेनं कपाळाला हात लावला. दोन आठवडे घर ताट-वाटी सांभाळत होतं आणि रोज सकाळी एकच सुई दोघांच्या बोटात जात होती. त्याच दिवसापासून पेन वेगवेगळे झाले, सुई दर वेळी नवी.

मग मुलगा मनातलं बोलला. "पण आईला हे आलं कुठून?" घरीही त्यानं हे विचारलं होतं, आणि तेव्हापासून आई त्याच्या नजरेला नजर देत नव्हत्या. मला या प्रश्नाची चीड आहे. विचारणाऱ्याला माहिती हवी असते, पण ऐकणाऱ्याला चारित्र्याचा पंचनामा ऐकू येतो. डॉक्टरांनी विचारावं, त्यांना ते उपयोगी पडतं. घरच्यांनी एकदा विचारलं की पुरे.

आई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या वेळी सिझर झालं, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं." साल 1990. हा विषाणू ओळखलाच गेला 1989 मध्ये, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली 2001च्या सुमारास. त्याच रक्तातून आला हे सिद्ध करता येणार नाही, हेही मी सांगितलं. मुलगा बराच वेळ गप्प होता.

पण या तारखेतून दुसरंच काम निघालं. धाकटी मुलगी 1993ची, लग्न होऊन कल्याणला गेलेली. बाधित आईकडून जन्माच्या वेळी बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच-सहा. म्हणजे तिचीही तपासणी हवी. यावर आई पहिल्यांदा रडल्या. "तिच्या सासरी कळलं तर?" मी म्हटलं, फोन तिला एकटीला करा. सासरी सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. आजोबांची आणि मुलाचीही तपासणी केली. तिघंही निगेटिव्ह निघाले.

आईंचा पहिला रिपोर्ट अँटिबॉडीचा, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या प्रतिपिंडांचा होता. त्यावरून विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढंच कळतं. काहींच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो. आता आहे का, हे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरएनए तपासणी सांगते. त्यांच्यात होता. यकृत फारसं बिघडलेलं नव्हतं, त्यामुळे 12 आठवड्यांच्या गोळ्यांवर भागलं. या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ही तपासणी आणि औषधं ठरलेल्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. त्यांनीही तिथूनच घेतली. मुलगा अर्धी रजा टाकून रांगेत उभा राहायचा. सून रात्रीच्या मालिकेच्या आधी गोळी हातावर ठेवायची. हळद परत डब्यात आली. झाडपाला मात्र मी बंदच ठेवायला सांगितला. त्यानं यकृतालाच इजा होऊ शकते, आणि चालू औषधाशी त्याचं जमेल की नाही याचा नेम नसतो.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासला. विषाणू सापडला नाही.

पुढे महिन्याभरात सुनेचा घाबरलेला फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुन्हा रक्त दिलं होतं आणि पुन्हा पॉझिटिव्ह! चूक माझीच, हे आधी सांगायला हवं होतं: अँटिबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते, बहुधा जन्मभर. डॉक्टरांना आरएनएचा रिपोर्ट दाखवा, म्हटलं.

"कुठे आहे तो?" तिनं फोन कानाला धरूनच विचारलं. मागून आईंचा आवाज आला, "माझ्या ताटाखाली ठेवलाय, फळीवर. आणि येताना ते ताट पण घे, जेवायची वेळ झाली."